बाबांची मनातल्या मनातली कबुली

आमच्या बाबांना ऐकू येत नाही, हे मी एक वेळ सहन केलं असतं. वय झालं की कान जातात, त्यात त्यांचा काय दोष? पण आपलं बोलणं दुसऱ्याला ऐकू येतं हेही ज्यांना कळत नाही, अशा माणसाचं मी काय करू, सांगा!

रविवारी चर्चमधे उपासनेत पहिलं गीत झालं की पाळकसाहेब म्हणतात, "आता आपण शांतपणे, मनातल्या मनात, आपापली पापं देवापुढे मांडू या." सगळे माना खाली घालतात. कुणी खोकत नाही, कुणी बाक करकरवत नाही. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी ती शांतता असते आणि तेवढ्यात आमचे बाबा सुरू होतात.

"प्रभू, काल मी पुन्हा जाम खाल्ला. चमच्याने, बाटलीतून. डॉक्टर नाही म्हणाला आहे, ठाऊक आहे मला. बाटली मागे सरकवून ठेवली. धाकटीला कळलं नाही."

धाकटी म्हणजे मी. त्यांच्या शेजारीच बसलेली असते. आणि कळलेलं असतं मला, चमचा काय मी धूत नाही?

गेल्या वर्षी कान पार गेल्यावर पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, चुकून झालं असेल. मी कोपराने ढोसलं, तर "काय?" म्हणून असे ओरडले की पाळकसाहेबांनी डोळे उघडले. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. "प्रभू, बेकरीवाल्याने मिशी काळी केली आहे, ते बघून मी मनात हसलो." बेकरीवाले काका पुढच्याच बाकावर. त्यांच्या मानेचा रंग बदलताना मी पाहिला. "प्रभू, प्रवचन चालू असताना मी जागा असल्याचं नाटक करतो. प्रवचन फार लांबतं, पण दोष माझाच." आणि एकदा तर, "कानाचं मशीन मी घरात लावतो, पण बटण बंद ठेवतो. धाकटी फार बोलते, तुला ठाऊकच आहे." बेकरीवाल्या काकांनी रुमालात तोंड घालून शिंकल्यासारखं केलं. बदला घेतला मेल्याने.

घरी आल्यावर मी बाबांना समोर बसवलं, मशीनचं बटण स्वतः चालू केलं आणि स्पष्ट सांगितलं, "बाबा, कबुलीच्या वेळी तुम्ही मोठ्याने बोलता."

"मी? मी तर तोंडही उघडत नाही."

"उघडता. सगळ्या मंडळीला ऐकू जातं."

"माझं मनातलं सगळ्यांना ऐकू जातं आणि मला मात्र कुणाचं तोंडातलंही ऐकू येत नाही?" बाबा उठले. "काहीतरीच बोलू नकोस. कामं पडली आहेत." आणि बटण बंद करून घरालाच लागून असलेल्या आमच्या दुकानात, मागच्या खोलीत गेले. मी हात टेकले.

मग पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, कबुली सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायची करा, म्हणजे त्यात ह्यांचा आवाज मिसळून जाईल. ते म्हणाले, "शांतता हा आपल्या उपासनेचा भाग आहे." मी म्हटलं, "आमच्या बाकावर नाही हो आहे तो भाग!" त्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्यांच्या कबुलीनंतर मी प्रवचन आखडतं घेतलंय. मंडळी खूश आहे." म्हणजे यांनाही मजाच वाटत होती. बेकरीवाले काका तर हल्ली लवकर येऊन आमच्या अगदी पुढची जागा धरतात. आमचे बाबा म्हणजे फुकटची करमणूक झाली होती, आणि मान खाली घालून लाजेने मरायचं ते मी एकटीने.

उरल्या ऑर्गनबाई. त्यांनी त्या वेळात ऑर्गन हळू वाजवत ठेवला तर बाबांचा आवाज झाकला जाईल, असं माझ्या डोक्यात आलं. पण ऑर्गनबाईंकडे काही मागायला जायचं म्हणजे मला नको वाटतं. त्याला कारण आहे.

आमचं फोटोला फ्रेम करून द्यायचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागच्या खोलीत मोठं टेबल, भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या आणि काचा. फ्रेममध्ये फोटोभोवती जो जाड पुठ्ठा असतो, त्याला आम्ही माउंट म्हणतो. त्याच्या मधोमध खिडकी कापायची असते. पातं तिरकं धरावं लागतं, हात जरा हलला की कोपरा फाटतो. हे काम आमच्या ताईसारखं कुणाला जमत नव्हतं, बाबांनाही नाही. आणि बाबांनी आम्हा दोघी बहिणींना लहानपणापासून एकच नियम घोकून घेतला होता, आधी फोटो टेबलावरून उचलायचा, लांब ठेवायचा, मगच पातं हातात घ्यायचं.

बारा वर्षांपूर्वी ऑर्गनबाई त्यांच्या मुलीचा फोटो घेऊन आल्या. चार वर्षांची असताना वारलेली मुलगी. घर बदलताना बाकीचे फोटो भिजले होते, हा एकच उरला होता आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. त्या दिवशी बाबा घाईत होते. माउंट नीट बसतं का ते बघायला त्यांनी फोटो खाली ठेवला, वर पुठ्ठा ठेवला आणि तसंच पातं फिरवलं. पातं पुठ्ठ्यातून खाली गेलं आणि त्या मुलीचा चेहरा एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत कापला गेला.

ऑर्गनबाई संध्याकाळी फ्रेम न्यायला आल्या. काउंटरवर बाबा होते आणि बाजूला ताई उभी होती. ऑर्गनबाईंनी तो फोटो हातात घेतला आणि असा आवाज काढला की रस्त्यावरचा माणूस आत डोकावला. "कुणी केलं हे?" बाबा म्हणाले, "थोरलीच्या हातून झालं."

ताई गप्प उभी राहिली. ती मला नंतर म्हणाली, मला वाटलं आत्ता घाबरून बोलले असतील, रात्री सांगतील, उद्या सांगतील. आठवडाभर ती वाट बघत होती. बाबा जेवत होते, काम करत होते, तिच्याशी पुठ्ठ्याच्या भावाबद्दल बोलत होते. त्या एका गोष्टीबद्दल मात्र तोंडाला कुलूप. शेवटी ताईने विचारलं, तर म्हणाले, "झालं ते झालं. तू तरुण आहेस, लोक विसरतील. माझं दुकान आहे." त्या दिवशी ताई घर सोडून गेली. जाताना म्हणाली, "ज्या दिवशी हे माझ्या तोंडावर चूक कबूल करतील, त्या दिवशी येईन."

लोक काही विसरले नाहीत. फ्रेमच्या कुठल्याच दुकानात तिला काम मिळेना. ज्या पोरीने मेलेल्या लेकराचा फोटो कापला तिच्या हातात कोण आपला फोटो देणार? मी जीव तोडून सांगत होते की ते ताईने केलं नाही. लोक म्हणायचे, बहीणच ती, बहिणीची बाजू घेणारच. आता ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला चपलांच्या दुकानात काम करते. स्टुलावर बसून लोकांच्या पायात चपला घालून बघते.

आणि मी दोघांच्या मधे. बाबांकडे ताईचं नाव काढलं की त्यांना अगदीच ऐकू येत नाही. ताईकडे बाबांचं नाव काढलं की ती बुटांची खोकी रचायला लागते. बारा वर्षं मी या दोन हट्टी माणसांमधे येरझाऱ्या घालते आहे. माझा जीव मेटाकुटीला आला आहे, पण ते कुणाच्या खिजगणतीत नाही.

तर, अशा या ऑर्गनबाई. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि चाचरत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता स्वरांच्या वहीची पानं चाळली आणि म्हणाल्या, "वाजवीन. तुझे बाबा म्हणजे चांगला माणूस. त्यांचं हसू व्हायला नको." चांगला माणूस! मी जीभ चावली आणि "उपकार झाले" म्हणून परत आले.

काही रविवार बरे गेले. ऑर्गन हळू वाजायचा, बाबांचं बोलणं त्याच्याखाली पुटपुटल्यासारखं वाटायचं. बेकरीवाले काका मान तिरकी करून कान टवकारायचे आणि निराश व्हायचे. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट माझ्या मनासारखी झाली.

पण आमच्या घरात काही सुखासुखी होईल तर शपथ. एका गुरुवारी ऑर्गनबाई दुकानात आल्या, हातात त्यांच्या आईचा जुना फोटो. त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही. थेट मागच्या खोलीत गेल्या, बाबांच्या समोर धरला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "हा तुमच्याच हातांनी करा. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. तुमच्यावर माझा विश्वास आहे."

बाबांना त्या दिवशी सगळं ऐकू आलं. फोटो घेतला, मान हलवली. त्या गेल्यावर तासभर त्या फोटोसमोर बसून राहिले. पातं उचलायचे, ठेवायचे. शेवटी मला हाक मारली आणि म्हणाले, "तू काप. माझ्याने नाही होत." मी कापून दिलं. मनात म्हटलं, आता तरी काही बोलतील. कसलं काय! "लवकर जेवायला वाढ," म्हणाले.

त्या रविवारी मात्र बाबांनी मान खाली घातली ती नेहमीपेक्षा जास्त. ऑर्गन सुरू झाला. आणि बाबांचा आवाज त्याच्यावर चढला.

"प्रभू, त्या बाईच्या लेकराचा फोटो मी कापला. पातं माझ्या हातात होतं. थोरली तेव्हा काचा पुसत होती, तिने टेबलाला हातही लावला नव्हता. मी तिचं नाव सांगितलं. बाई अजून माझ्यावर विश्वास ठेवते. मला सहन होत नाही."

ऑर्गन मधेच थांबला. सूर जिथे होता तिथेच तुटला. मी डोळे उघडले. ऑर्गनबाईंचे हात पट्ट्यांवरच होते, पण हलत नव्हते. सगळी मंडळी माना वर करून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा आमच्याकडे बघत होती. आणि बाबा, डोळे मिटून, शांत. त्यांच्या लेखी अजून सगळं मनातल्या मनात चाललं होतं.

पाळकसाहेबांनी कबुलीनंतर नेहमी म्हणतात ते क्षमेचं वचन कसंबसं म्हटलं. पुढची गीतं ऑर्गनशिवायच झाली. बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, "आज ऑर्गन बिघडला का गं?" काय म्हणावं या माणसाला!

म्हणजे बघा, ज्या गोष्टीसाठी मी बारा वर्षं घसा कोरडा केला, ती आता सगळ्यांना ठाऊक झाली होती. ठाऊक नव्हतं ते फक्त हे, की सगळ्यांना ठाऊक झालंय, आणि ते ठाऊक नव्हतं बाबांना.

दुसऱ्या दिवशी ऑर्गनबाई दुकानात आल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. मला म्हणाल्या, "बारा वर्षं ती पोरगी रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या बाजूला जायचे." मी म्हटलं, "मला कशाला सांगता? आत बसलेत, त्यांना सांगा तुम्ही ऐकलंत म्हणून." त्या आत गेल्या. बाबा काच पुसत होते. त्यांनी हसून मान डोलावली आणि तयार फ्रेम पुढे केली. ऑर्गनबाई बघत राहिल्या. फ्रेम घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "म्हातारा झालाय गं फार. मला नाही जमत." मग विचारलं, "थोरली कुठल्या दुकानात असते?"

संध्याकाळी दुकान बंद केल्याबरोबर मीही ताईकडे गेले. गेले म्हणजे धावतच गेले. वाटलं, संपलं आता सगळं, ताईला घेऊनच घरी येते. दुकानात पोचले तर ताई एका माणसाच्या पायात बूट घालून त्याचा अंगठा चाचपत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "ऑर्गनबाई येऊन गेल्या."

"मग? काय म्हणाल्या?"

"रडल्या. माफी मागितली. मी त्यांना बसायला स्टूल दिलं. त्यांची काय चूक? जे सांगितलं ते त्यांनी मानलं." तिने दुसरा बूट काढला. "हा घालून बघा साहेब, तो सैल होईल."

"ताई, बाबांनी सगळ्यांसमोर कबूल केलंय!"

"सगळ्यांसमोर नाही. देवासमोर. सगळ्यांनी फुकटात ऐकलं."

"म्हणून काय झालं? केलं ना कबूल?"

"बोल माझ्यावर आला होता, देवावर नाही," ताई म्हणाली. "देवाने त्यांना माफ करावं, माझी काही हरकत नाही. मी कशाला मधे येऊ?"

"अगं, वय झालंय त्यांचं!"

"माझंही होतंय."

तो माणूस एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत आमच्याकडे बघत होता. मला त्याची पर्वा नव्हती. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. मी म्हटलं, "तुम्ही दोघं एकाच साच्यातून काढलेले आहात! ते सांगत नाहीत आणि तू ऐकत नाहीस. मी काय जन्मभर निरोप्या म्हणून फिरू? त्यांची औषधं मी बघायची, दुकान मी बघायचं, जाम मी लपवायचा, चर्चमधे मान खाली मी घालायची. आणि तू इथे मानाने बसून राहा! एकदा ये. एकदा त्यांच्या मागे बस आणि आपल्या कानांनी ऐक. मग काय करायचं ते कर, मी पुन्हा तुझ्या दारात येणार नाही."

ताईने त्या माणसाच्या बुटाची नाडी बांधली. मग त्या माणसाला म्हणाली, "साहेब, हेच घ्या. चांगले दिसतात." आणि मला म्हणाली, "येईन. पण ते मला दिसायचे नाहीत अशी जागा बघ."

पुढच्या रविवारी एखाद्या लग्नालाही नसते तेवढी गर्दी. बातमी पसरलीच होती. मी बाबांना नेहमीच्या बाकावर बसवलं. ताई उशिरा आली आणि आमच्या मागे, खांबाच्या आडोशाला बसली. डोक्यावरून ओढणी घेतली होती, पण सगळ्यांनी ओळखलं. ऑर्गनबाईंनीही ओळखलं. कबुलीची वेळ आली तेव्हा त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ऑर्गन वाजवलाच नाही. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"प्रभू," बाबांनी सुरुवात केली, "या आठवड्यात जाम खाल्ला नाही. खोटं कशाला बोलू, बाटली सापडली नाही."

कुणी हसलं नाही. बेकरीवाले काकासुद्धा नाही.

"मागच्या रविवारी तुला थोरलीचं सांगितलं. वाटलं होतं, हलकं वाटेल. नाही वाटलं. ती गेली त्या वर्षी दर रविवारी तुला सांगायचो, आठवतं ना? तू माफ करायचास आणि मी घरी जाऊन पोटभर जेवायचो. मग सांगणंच सोडलं. प्रभू, मंगळवारी मी तिच्या दुकानापर्यंत गेलो होतो. धाकटीला म्हटलं, फिरून येतो. बाहेर काचेजवळ उभा राहिलो. ती एका बाईच्या पायापाशी बसली होती. असा सोन्यासारखा हात आणि पायापाशी बसली होती. मी आत गेलो नाही. पळून आलो."

माझ्या मागे कुणाचा तरी श्वास अडकल्यासारखा आवाज आला. मला वळून बघायची हिंमत झाली नाही.

"आता पाळकसाहेब उठतील आणि सांगतील, तुमच्या पापांची क्षमा झाली," बाबा म्हणाले. "त्यांना थांबव. मला आत्ता माफ करू नकोस. तू माफ केलंस की मी पुन्हा घरी जाऊन जेवेन आणि तिच्याकडे जाणारच नाही. मला मी चांगला ओळखतो. आधी ती, मग तू. आमेन."

पाळकसाहेब उठून उभे होते. हात वर करून ते वचन म्हणायची त्यांची वेळ झाली होती. हात वर गेला आणि तसाच राहिला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. इतकी वर्षं पाठ असलेलं वाक्य, पण म्हणायचं कसं? समोरचा माणूस नको म्हणतोय!

मला रडूही येत होतं आणि संतापही. वाटत होतं, उठावं आणि या बापलेकींना धरून गदागदा हलवावं. अरे, एक बस पकडायची होती! एक काचेचं दार ढकलायचं होतं! बारा वर्षं लागतात का त्याला?

मागचा बाक करकरला. ताई उठली, बाजूने चालत पुढे आली आणि मला म्हणाली, "सरक." मी सरकले. ती बाबांच्या शेजारी बसली.

बाबांचे डोळे मिटलेलेच होते. क्षमेच्या वचनाची वाट बघत असणार. ते येईना तेव्हा त्यांनी डोळे उघडले, पाळकसाहेबांकडे बघितलं, मग शेजारी बघितलं. ताईला बघून त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी माझ्याकडे नजर टाकली, तू हिला काही सांगितलंस का, असं विचारणारी. मी लगेच छताकडे बघायला लागले.

मग ते ताईकडे वळले. आपण अगदी हळू, तिच्यापुरतंच बोलतोय अशा समजुतीने ते बोलले, आणि शेवटच्या बाकामागे उभ्या असलेल्या माणसांपर्यंत ते ऐकू गेलं.

"फोटो मी कापला होता. तू तिथे उभी होतीस आणि मी तुझं नाव घेतलं. दुकान वाचवलं आणि तुला घालवलं. चुकलं माझं, बाळा. मला माफ कर."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग पुढे झाली, हाताचा आडोसा केला आणि त्यांच्या कानाला अगदी तोंड लावून काहीतरी बोलली. बेकरीवाले काका ऐकायला इतके मागे झुकले की त्यांचा बाक हलला. मी हातभर अंतरावर होते, पण मलाही एक अक्षर ऐकू आलं नाही.

बाबांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. आणि तोंडावर दोन्ही हात धरून रडायला लागले, लहान पोरासारखे, मोठ्याने. हेही त्यांना मनातल्या मनातच वाटत असेल.

पाळकसाहेबांनी तेव्हा कुठे वचन म्हटलं. त्यांचाही आवाज धड नव्हता.

उपासना संपल्यावर जो तो बाबांचा हात हातात घेऊन जात होता. बेकरीवाल्या काकांनी तर मिठीच मारली. बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज सगळे एवढे प्रेमाने का वागताहेत? मी थोरलीशी बोललो ते कुणी ऐकलं नाही ना?"

"नाही हो," मी म्हटलं. "कुणीच नाही."

मग ऑर्गनबाई आल्या, त्यांनी बाबांचा दंड धरला आणि दोघं पुढे चालायला लागले. मी आणि ताई मागून. थोडं अंतर पडल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस त्यांच्या कानात?"

"तुला काय करायचंय?"

बाई गं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला काय करायचंय? बारा वर्षं मी तुमच्या दोघांमधे झिजले, आणि शेवटचं वाक्य तेवढं मला ऐकायचं नाही? सांग आधी. माफ केलंस ना?"

ताई चालता चालता थांबली. "नाही," ती म्हणाली. "अजून नाही होत गं मला. आणि तिथे बसून खोटं कसं बोलू? मी म्हटलं, आज जेवायला घरी येते."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग ते एवढे रडले कशाला?"

"एवढ्यासाठीच," ताई म्हणाली.

मी काहीतरी खरमरीत बोलणार होते. शब्द तोंडावर आलेही होते, पण भर रस्त्यात मला हुंदकाच फुटला. मी त्या दोघांवर चिडले होते, अजूनही चिडलेलीच आहे, आणि रडू मात्र थांबेना.

"आता तुला काय झालं?" ताई वैतागली. "चल, लोक बघताहेत. घरी जेवायला काय केलंयस?"

"दोघांपुरतंच केलंय," मी नाक पुसत ओरडले. "येणार होतीस तर आधी सांगायला काय झालं होतं?"

"पुरेल," ताई म्हणाली.